उपासाचं कपाट

नवस बोलायला माझं तोंड फार सैल आहे, असं आमचे हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. तेव्हा मला राग आला होता. पण पुढे बर्मिंगहॅमला, भाड्याच्या दोन खोल्यांत, तळलेल्या माशाच्या वासात उभी राहून मी जो नवस बोलले आणि त्यापायी माझी जी शोभा झाली... काय सांगायचं, कुठून सांगायचं! तुम्ही चहा तेवढा आधी संपवा. मागाहून ठसका लागेल. हसायचं मलाच आहे, तेव्हा संकोच करू नका.

तर आम्ही राहायचो एका फिश अँड चिप्सच्या दुकानाच्या बरोबर वर. ह्यांचा कारखाना बंद पडला होता, मग हे बस चालवायला लागले होते. पगार बेताचा आणि त्या पगारात बसणारी खोली ती एवढीच. दुकानदार बिचारा सज्जन. पण त्याची कढई तापायची वेळ आणि माझी दिवेलागणीची वेळ एकच! मी उदबत्ती लावायची आणि खालून कॉड मासा वर यायचा. धूप माझा, दरवळ त्याचा. शाकाहारी गणपती माझा, सोंड वर करून बसलेला. मला रोज वाटायचं, त्याने सोंड आशीर्वादाला उचललेली नाही, नाक वाचवायला उचललेली आहे.

एका संध्याकाळी मला अगदी भरून आलं. हात जोडले आणि म्हटलं, "बाप्पा, स्वतःचं घर दे. लहान असलं तरी चालेल. पण तुला मोकळा श्वास घेता येईल असं दे. ते मिळेपर्यंत मी भात खाणार नाही, साखर खाणार नाही आणि सोमवार, गुरुवार, संकष्टी कडक करीन."

मागून ह्यांचा आवाज आला, "अगं, सोमवार, गुरुवार आणि संकष्टी तू लग्नाच्या आधीपासून करतेस. बाप्पाला ह्यात नवीन काय मिळालं?"

"कडक हे नवीन आहे," मी म्हटलं.

आणि बघा हो, महिनाही झाला नसेल, आमची तन्वी लायब्ररीतून एक माहितीपत्रक घेऊन आली. तन्वी आमची एकुलती एक. जन्म इथलाच, मराठी बोलते पण कुठला शब्द बाई आणि कुठला बुवा ह्याचा तिला पत्ता नसतो.

"आई, हा बघ. हा एक योजना आहे. तुम्ही पैसा सेव्ह करायचा, आणि तेवढाच पैसा ते लोक टाकणार."

"कोण लोक?"

"हाउसिंगवाला संस्था."

"फुकट?"

"फुकट नाही ना! घर घ्यायला. फक्त घराचा डिपॉझिटसाठी."

ह्यांनी ते कागद उलटेसुलटे करून वाचले. खरंच तसं होतं. कमी पगाराच्या माणसांसाठी होती योजना. दर महिन्याला आपण ठरलेली रक्कम टाकायची, एकही महिना चुकवायचा नाही. मुदत पुरी झाली की आपल्या रकमेला जोड म्हणून तेवढीच रक्कम संस्था घालणार. त्या डिपॉझिटवर अर्धं घर आपल्या नावावर, उरलेल्या अर्ध्याचं भाडं संस्थेला. आणि हो, महिन्यातून एकदा त्यांच्या वर्गाला जाऊन बसायचं. पैसे कसे राखावेत ते शिकवणार.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीला ह्यात काय दिसणार? नियम आहे. खंड पडला तर फळ नाही. दर महिन्याला एकत्र बसून ऐकायचं आहे. शेवटी उद्यापन आहे. आणि आपण जेवढं करू तेवढंच समोरून मिळणार आहे. हे तर व्रत! फक्त देव्हाऱ्याऐवजी संस्थेचं ऑफिस.

ह्यांनी रविवारच्या जादा फेऱ्या घ्यायला सुरुवात केली. वर्गाला जायचं काम माझ्याकडे आलं.

वर्ग घेणारी बाई मॉरीन. गोल चेहरा, लाल गाल, कोपरावर झिजलेला लोकरी कार्डिगन, आणि प्रत्येकाला "लव्ह" म्हणायची. इतकी मायाळू की हिशेब शिकवतानासुद्धा तिचा आवाज अंगाईसारखा यायचा. संस्थेने कालव्याजवळ नवी घरं बांधायला घेतली होती. मॉरीन आम्हाला एकदा तिथे घेऊनही गेली. एक घर मी मनात धरलं. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी! मी डोळे मिटून नाकाने एक लांब श्वास घेतला. नुसता ओल्या सिमेंटचा वास. मला तो चंदनासारखा वाटला.

मग आला तो दिवस. वर्गात मॉरीन एकेकाला विचारत होती, घरासाठी तुम्ही काय सोडलंत? माझ्या शेजारी बॅरी नावाचा दणकट रंगारी बसायचा. तो म्हणाला, सिगारेट. पलीकडची पोरगेली आई म्हणाली, टॅक्सी सोडली, आता बसने जाते. मॉरीनने मान डोलावली आणि माझ्याकडे वळली.

"अँड यू, लव्ह? व्हॉट हॅव यू गिव्हन अप फॉर युअर होम?"

अहो, माझ्या अंगावर काटा आला! ह्या देशात इतकी वर्षं काढली, पण इतका आपलेपणाचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आपल्यात नाही का, काशीला जाऊन आलेल्या बाईला आल्याबरोबर विचारतात, काय सोडून आलात? मी पदर सारखा केला आणि ताठ बसून सांगितलं,

"राइस."

"राइस?"

"राइस. शुगर. अँड मंडे, थर्सडे, नो फूड."

मॉरीनचा खडू हातातच राहिला. "नो फूड? ऑल डे?"

"ऑल डे!" मी म्हटलं. कडक म्हणजे कडक, उगाच कमी कशाला सांगा? माझं इंग्रजी तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. साबुदाणा, वरई, राजगिरा ह्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला कुठे माहीत! आणि खरं सांगू का, ते पदार्थ आपण जेवणात धरतच नाही. फराळाला जेवण कोण म्हणतं?

वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, भक्तीचा प्रभाव.

"अँड युअर हजबंड, लव्ह? युअर डॉटर?"

"दे ईट, दे ईट! फर्स्ट हजबंड ईट. देन डॉटर ईट. लास्ट मी." आणि वातावरण फारच गंभीर झालं म्हणून मी जरा विनोद केला. हात झटकून म्हटलं, "इफ फिनिश, फिनिश!" आणि खो खो हसले.

एकटीच हसले.

बॅरीने नाक ओढलं. खिशातून चॉकलेटची वडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. एवढा आडदांड माणूस, डोळे भरलेले. पण चॉकलेटमध्ये साखर नाही का? मी नम्रपणे वडी परत त्याच्या हातात ठेवली, हात जोडले आणि वर बोट दाखवून म्हटलं, "नो, नो. फॉर हाउस."

ती पोरगेली आई तर चक्क बाहेर निघून गेली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "वर्गात माझं फार नाव झालं हो!"

दोन-तीन दिवसांनी दार वाजलं. उघडलं तर कोणीच नाही, पायरीवर एक मोठं खोकं. वर चिठ्ठी, तिच्यावर काढलेला एक लाल बदाम. आत डबेच डबे. ज्याला नवस बोलले त्याच्यापलीकडे मला न सांगता खोकं पाठवणारं बर्मिंगहॅममध्ये होतं कोण? मी खोकं उचललं, थेट देव्हाऱ्यासमोर ठेवलं. डब्यांवर एकेक हळदकुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. तन्वी शाळेतून आली तेव्हा मी आरतीचं तबक हातात घेऊन उभी.

"आई, हे काय करते?"

"बाप्पाने पाठवलंय गं."

तिने एक डबा उचलून वाचला. "आई, हा बाप्पाने नाही पाठवला. हा ट्यूना आहे."

"म्हणजे?"

"फिश."

हातातलं तबक कलंडलं! खालचा मासा इतके दिवस नुसता वासाने वर यायचा, आता डब्यात बसून, कुंकू लावून, बाप्पाच्या पुढ्यात येऊन बसला होता. टाकावा तर अन्न, कोणीतरी मायेने दिलेलं. परत करावं तर कोणाला? म्हटलं, बाप्पा, आता तूच सांभाळून घे. खोकं देव्हाऱ्याखाली सरकवलं, कोणा गरजूला देऊ म्हणून.

हे घरी आले. चिठ्ठी वाचली. आणि चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, ही मदत आहे! गरिबांना देतात ती! आपण भिकेला लागलोय असं कोणी सांगितलं ह्यांना?"

"मी नाही बाई."

"आई," तन्वी सावकाश म्हणाली, "तू क्लासमध्ये काय सांगितला होता?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. "इफ फिनिश, फिनिश"सुद्धा.

ह्यांनी कपाळाला हात लावला. तन्वी जी हसत सुटली ती जमिनीवर बसली. आणि तेवढ्यात फोन वाजला. तन्वीने घेतला आणि तिचं हसू हळूहळू आटलं. फोन मॉरीनचा होता. आवाज अंगाईचाच, पण मजकूर निराळा. संस्थेचा नियम असा, की कोणी पोटाला चिमटा काढून पैसे टाकत असेल तर त्याचं नाव योजनेतून कमी करायचं. घरापायी माणसं उपाशी राहावीत अशी त्यांची इच्छा नव्हती. शिवाय आत्ताच जेवण परवडत नसेल तर पुढे घराचा हप्ता कसा परवडणार? तेव्हा मॉरीन आणि तिचे साहेब मिस्टर पॉवेल घरी येऊन बघणार, आणि मग ठरवणार. नाव कमी झालं तर आपले पैसे परत, पण त्यांची जोड गेली. जोड गेली म्हणजे कालव्याजवळचं घर गेलं.

हे पलंगावर बसले. हातात एक मोजा तसाच. इतक्या रविवारी ह्यांनी बस चालवली होती, एकदाही कुरकुर न करता. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाले, "चांगलं होतं ते घर."

मला रडूच फुटलं. मी देवासमोर बसले. पण मंडळी, माझा स्वभाव असा की रडत बसले तरी मनात स्वयंपाकाचा बेत सुरू असतो. डोळे पुसून उठले आणि म्हटलं, "अहो, काळजी करू नका. येऊ देत त्यांना. असं जेवायला घालते की त्यांची खात्रीच पटली पाहिजे, ह्या घरात कोणी उपाशी नाही!"

ह्यांनाही पटलं. झालं! तन्वीने फोन करून त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं. त्यांनी सोयीचा दिवस कळवला. मी कॅलेंडर बघितलं.

संकष्टी.

"आई, तू त्या दिवशी खा ना, प्लीज. एकच दिवस."

"अगं, नवस बोललेय मी! आता ऐन वेळी मोडू? मग घर देईल का तो?"

"पण तू नाही खाल्ला तर ते घर नाही देणार!"

आता सांगा, मधल्या मध्ये बाईने करावं काय? मी मनाशी ठरवलं, वाढायच्या गडबडीत कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे तरी घरची बाई पंगतीत कधी दिसते?

पाहुणे आले. मॉरीन नेहमीसारखी, आणि मिस्टर पॉवेल उंच, बारीक, काळजीवाहू चेहऱ्याचे. नैवेद्याचं आधी बाजूला काढून मी ताटं मांडली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, तळणीचे मोदक. टेबल दिसेना. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते उगाचच पोटावरून हात फिरवत होते, तृप्त दिसावं म्हणून.

आणि तुम्हाला सांगते, दोघंही खाईनात! मॉरीनने अर्धी पुरी तोडली आणि चिमणीसारखी टोकरत बसली. मी पुरी वाढली की ती हात आडवा करायची. मी आग्रह केला की तिचा चेहरा आणखी पडायचा. मला वाटे, मीठ जास्त झालं की काय. तन्वीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "आई, तिला वाटतो आपण आठवड्याचा सगळा जेवण त्यांना देतोय!"

म्हणजे मी जितकं वाढत होते तितके आम्ही गरीब होत होतो!

"मिसेस काळे," पॉवेलसाहेब म्हणाले, "प्लीज, तुम्ही बसा. तुम्ही आधी खा."

"नो, नो. यू ईट."

"आम्ही खातो. पण तुम्हीही."

"आय ईट आफ्टर."

"आफ्टर व्हॉट?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. "मून."

पॉवेलसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. ढग. बर्मिंगहॅमला दुसरं काय असणार? आभाळ नुसतं ओल्या गोधडीसारखं.

"शी कान्ट ईट अंटिल शी सीज द मून," तन्वी म्हणाली.

"आणि ढग असले तर?" मॉरीनने घाबरून विचारलं.

इथे ह्यांनी मदत करायची ठरवली. पुरुषमाणसाने अशा वेळी गप्प बसावं ना! पण नाही. "नो प्रॉब्लेम," हे म्हणाले, "हर सिस्टर इज इन पुणे. देअर मून इज ऑलरेडी कम. वी कॅन टेलिफोन."

"अहो!" मी म्हटलं. "पुण्याचा चंद्र इथे चालत नाही!"

"अगं, चंद्र एकच आहे!"

"वेळ एक नाही!"

"व्हॉट आर दे सेइंग?" पॉवेलसाहेबांनी तन्वीला विचारलं.

तन्वीचा स्वभाव सरळ. तिने जसंच्या तसं सांगितलं, "डॅड वॉन्ट्स टू रिंग इंडिया टू आस्क इफ मम कॅन ईट. मम सेज नो."

मॉरीनने रुमाल काढला. रुमाल काढताना चमचा पडला. चमचा उचलायला ती वाकली आणि वाकल्यावर तिला काय दिसावं? देव्हारा. आणि देव्हाऱ्याखाली तिनेच पाठवलेलं खोकं! एकही डबा उघडलेला नाही. प्रत्येकावर हळदकुंकू, वर सुकलेला झेंडू.

ती तशीच गुडघ्यावर राहिली. "ओह, लव्ह," म्हणाली, "यू आर प्रेइंग टू द टिन्स?"

आता मात्र ह्यांचा धीर संपला. रविवारच्या साऱ्या फेऱ्या ह्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असणार. हे उठले, म्हणाले, "प्लीज कम. कम, सर. कम, मॅडम. आय शो यू हंगर." आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन माझ्या उपासाच्या कपाटापाशी उभे राहिले.

मी ओरडले, "अहो, ते नका उघडू! त्याला जपून..."

उघडलं.

त्या कपाटाचं दार मी खांद्याने दाबून लावत असे, हे ह्यांना कुठून माहीत असणार! आधी साबुदाण्याची पिशवी आली. ती पॉवेलसाहेबांच्या बुटांवर फुटली आणि पांढरे मोती गडगडत चुलीखाली गेले. मागोमाग शेंगदाणे. मग वरई, राजगिऱ्याच्या वड्या, शिंगाड्याचं पीठ, बटाट्याच्या चकल्या, खजूर, सुके अंजीर, काजू. सगळ्यात शेवटी तुपाचा डबा आला, तो मॉरीनने झेलला.

एक शेंगदाणा तेवढा घरंगळत कोपऱ्यापर्यंत गेला.

"धिस," हे म्हणाले, "इज व्हॉट शी ईट व्हेन शी इज नॉट ईटिंग."

पॉवेलसाहेबांनी कपाटाकडे बघितलं. आमचं रोजच्या डाळ-तांदळाचं कपाट शेजारीच उघडं होतं, त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तुम्ही बघताच आहात, मी काही वाळकी नव्हे! ते हळू आवाजात म्हणाले, "हे सगळं... न खाण्यासाठी?"

मी मान खाली घातली. आमच्या आईकडे म्हणायचे, एकादशी दुप्पट खाशी. पण हे इंग्रजीत कोण सांगणार, आणि सांगून फायदा तरी काय?

तन्वीने मग सगळं नीट समजावलं. नवस म्हणजे काय, उपास कोणते, उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही. बटाटा चालतो, कांदा चालत नाही. शेंगदाणा चालतो, चणा चालत नाही. पॉवेलसाहेब प्रत्येक वेळी "व्हाय?" विचारत होते आणि तन्वी प्रत्येक वेळी "नोबडी नोज" सांगत होती. मॉरीन तुपाचा डबा पोटाशी धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, परत रडते की काय. पण बाई हसत होती! भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"माझी आजी आयर्लंडची," ती म्हणाली. "ईस्टरच्या आधी तीही असंच व्रत करायची. हे सोडायचं, ते सोडायचं. मला आधीच कळायला हवं होतं." मग डोळे पुसून, माझा हात हातात घेऊन, त्याच अंगाईच्या आवाजात म्हणाली, "फक्त, लव्ह, माझी आजी खरंच उपाशी राहायची."

मग मात्र दोघं जेवायला बसले आणि जे जेवले! पॉवेलसाहेबांनी मोदक मागून घेतला, परत मागून घेतला. मॉरीनने मसालेभाताचं पातेलं खरवडलं. ढगांमागे चंद्र केव्हातरी उगवला असेल. आमच्या लक्षातही आलं नाही.

जाताना पॉवेलसाहेब दारात थांबले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेब म्हणाले, नाव कमी करण्याचा प्रश्नच नाही. ह्या घरात जेवण भरपूर आहे, आम्ही तसा अहवाल देऊ. पण सल्ला देणं हे आमचं काम आहे, म्हणून एक सांगतो. त्यांनी स्वयंपाकघरात सांडलेल्या काजूंकडे एकदा बघितलं. "मिसेस काळे, तुमची बचत तुम्हाला परवडते. तुमचे उपास तुम्हाला परवडत नाहीत."

त्या माणसाने उभ्या उभ्या माझी भक्ती हिशेबाला लावली होती आणि हिशेब बरोबर होता! साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सगळं सातासमुद्रापलीकडून आलेलं, इथल्या दुकानात डाळ-तांदळाच्या कितीतरी पट महाग. घर लवकर मिळावं म्हणून मी जो उपास करत होते, त्या उपासानेच घर लांबत चाललं होतं. इकडे मी बाप्पाला घाई करत होते आणि तिकडे मीच त्याला तूप पाजून वाटेत बसवत होते.

पुढच्या सोमवारी मी सकाळी आंघोळ केली, पूजा केली, फराळाचे पैसे बचतीच्या डब्यात टाकले, एक केळं खाल्लं आणि वर पाणी प्यायले. बस्स. दुपारी भिंती फिरायला लागल्या. संध्याकाळी खाली मासा तळायला लागला, आणि देवाशपथ सांगते, पहिल्यांदाच मला तो वास वाईट वाटला नाही! हे घरी आले तर मी पलंगावर आडवी.

"काय झालं गं? बरं नाही वाटत?"

"अहो," मी म्हटलं, "जन्मभर उपास करत आले. उपाशी आज पहिल्यांदा राहिले."

घर मिळालं, हो! कालव्याजवळचं, तेच. सामान लावायला मॉरीन स्वतः आली होती. वर्गात मात्र पुढच्या सगळ्या मंडळींना ती आमचा किस्सा सांगायची म्हणे, नाव न घेता. "एक बाई होती, न खाण्यासाठी तिच्याकडे वेगळं कपाट होतं." बॅरीने ओळखलं. अजून रस्त्यात दिसला की लांबूनच पोटावरून हात फिरवतो.

म्हणून तुम्हा सगळ्यांना एक विनवणी आहे. नवस जरूर बोला. घरासाठी बोला, लेकरांसाठी बोला, देव ऐकतो, मला अनुभव आहे. ज्यांच्या गावात अशी जोड देणारी योजना असेल त्यांनी लाजू नका, नाव घाला, एकही महिना चुकवू नका. पण येत्या सोमवारी माझ्यासारखंच करा. फराळाला लागणारे पैसे सकाळीच डब्यात टाका, एक केळं खा आणि दिवसभर देवाचं नाव घ्या. दुपारी चक्कर आली तर घाबरू नका. तोच उपास.